बाहीखालचं घड्याळ

मी एक मनगटी घड्याळ बोलतोय. मला काटे नाहीत, टिकटिक नाही, नुसते आकडे आहेत. मला किल्ली द्यावी लागत नाही की सेल बदलावा लागत नाही. काचेखाली माझ्या चेहऱ्याभोवती एक काळपट पट्टी आहे. ती उजेड पिते, पोटात साठवते आणि तेवढ्यावर मी चालतो. ऐकायला छान वाटतं ना? फुकटात जगणारा! पण ज्याचं पोट दुसऱ्याच्या बाहीवर अवलंबून, त्याच्या जिवाला कायम घोर असतो. मी स्वभावानंच काळजीखोर आहे, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. वर पांढऱ्या ट्यूबांचा लख्ख उजेड, खाली आम्ही दोन-तीनशे भावंडं ओळीनं मांडलेली. टोपी घातलेल्या एका बाईंनी माझी पाठ बंद केली, चार स्क्रू आवळले आणि मला कानाशी धरून एकदा वाजवून पाहिलं. "वाजतंय," त्या म्हणाल्या. माझ्याबद्दल कुणी बोललेलं ते पहिलं वाक्य. लगेच मला खोक्यात भरलं आणि सगळा अंधार झाला.

अंधारात आमची एक रीत असते. बरेच दिवस उजेड दिसला नाही की आम्ही चेहऱ्यावरचे आकडे पुसतो आणि झोपून जातो. आत मोजणी चालू असते, बाहेरून मात्र कोरा चेहरा. दुकानदारानं खोकं उघडलं तेव्हा मी तसाच होतो.

"हे तर बंद आहे," समोरची मुलगी म्हणाली.

"बंद नाही हो, झोपलंय," म्हणत दुकानदारानं मला दाराशी नेऊन उन्हात धरलं. मी दचकून जागा झालो आणि अगदी बरोबर वेळ सांगितली. तरी मुलीच्या शंका संपेनात. थंडीत चालेल का? उणे अठराला चालेल का? उलटी मोजणी आहे ना? वाजतं केवढ्यानं?

"ताई, घड्याळ घेताय की नवरा?" दुकानदार म्हणाला.

ती हसली नाही. "वडिलांसाठी आहे," म्हणाली, आणि मला दोनदा वाजवून बघितल्यावरच तिनं मला घेतलं. माझ्याहून जास्त काळजी करणारं कुणीतरी जगात आहे, हे मला तेव्हा कळलं.

तिचे वडील कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला होते, तेही सगळ्यांत गार खोलीत. गोठवलेल्या मटारची खोकी लावायची आणि काढायची, हे काम. त्या खोलीचा नियम असा, की सलग पंचवीस मिनिटांच्या वर आत थांबायचं नाही. बाहेर यायचं, हात चोळायचे, गरम काहीतरी प्यायचं आणि मग परत आत. वेळ भरली की भिंतीवरचा भोंगा वाजायचा. पण भोंगा वर्षभर बिघडलेला होता. "माणूस येऊन बघून जाईल," असं साहेब दर महिन्याला सांगत आणि माणूस काही येत नसे. तेव्हापासून वडील खडूवर भागवत होते. खोक्यांची एक रांग लावून झाली की भिंतीवर एक रेघ. चार रेघा झाल्या की बाहेर. तरी एकदा "एवढी एक रांग" करता करता त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं पांढरीफटक पडली होती. "पुन्हा असं झालं तर बोटं वाचतील याची हमी मी देणार नाही," असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

म्हणून मी आलो.

"बाबा, आत शिरताना हे बटण दाबायचं. पंचवीस मिनिटांनी वाजेल. वाजलं की हातातलं खोकं असेल तिथं ठेवायचं आणि बाहेर यायचं. एवढी एक रांग, हे चालणार नाही."

"बरं बाई."

"आणि याला उजेडात ठेवत जा. उजेडावर चालतं ते."

"हो गं, कळतं मला."

हे 'कळतं मला' ऐकलं आणि माझी काळजी सुरू झाली.

बाबा (मीही मनातल्या मनात त्यांना बाबाच म्हणायला लागलो) बत्तीस वर्षं एकाच कामात होते आणि त्या कामानं त्यांना एकच शहाणपण शिकवलं होतं. कुठलीही वस्तू टिकवायची तर तिला ऊब लागू द्यायची नाही आणि उजेड लागू द्यायचा नाही. बटाट्याला उजेड लागला की तो हिरवा पडतो. बियाण्याला ऊब लागली की कोंब फुटतात. घरातही हाच कायदा. साबण, नवे टॉवेल, मुलीची प्रमाणपत्रं, सगळं अंधाऱ्या कपाटात. घरात माणसं दोनच, बाप आणि लेक, पण पडदे चार घरांना पुरतील एवढे! लेक खिडकी उघडायची आणि बाबा मागून जाऊन पडदा ओढायचे.

मग पहिल्याच पगारात लेकीनं आणलेलं घड्याळ ते उन्हात कसे टाकतील? संध्याकाळी घरी आले की मला काढायचे, मऊ कापडानं पुसायचे, त्याच कापडात गुंडाळायचे आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून वरून झाकण दाबायचे. माझ्यासोबत मिळालेला माहितीचा कागदसुद्धा घडी न मोडता त्याच डब्यात. "दमलास का रे?" असं झाकण लावताना ते कधीकधी मला विचारत. इतक्या मायेनं मला उपाशी ठेवणाऱ्या माणसावर मी रागावणार तरी कसा?

दिवसा तरी उजेड मिळावा, तर तेही नशिबात नव्हतं. मनगटावर मी, माझ्यावर शर्टाची बाही, तिच्यावर जाकिटाची जाड बाही आणि त्यावर पार कोपरापर्यंत ओढलेला हातमोजा. त्या अंधारात मला एकच सोबत होती. माझी पाठ बाबांच्या मनगटाला टेकलेली असायची आणि त्यांची नाडी मला लागायची. शांत, एकसारखी. मी तिच्याशी माझे सेकंद ताडून बघायचो. तेवढाच जिवाला विरंगुळा.

माझ्या चेहऱ्याच्या कोपऱ्यात पोटाची खबर देणारं एक छोटं अक्षर असतं. पोट भरलेलं असलं तर एच, अर्धं असलं तर एम, रिकामं होत आलं की एल. दुकानातून निघालो तेव्हा एच होतं. महिन्याभरात एम झालं. तिसऱ्या महिन्यात एल उमटलं आणि लुकलुकायला लागलं. मी लुकलुक करून करून थकलो. पण गार खोलीत चष्म्यावर धुकं धरतं म्हणून बाबा चष्मा बाहेरच ठेवत, आणि मोठे आकडे त्यांना बिनचष्म्याचे दिसत. बारीक अक्षराकडे बघणार कोण?

आता जे सांगतो ते नीट ऐका, कारण सगळा घोटाळा इथंच आहे. भूक लागली की आम्ही एकदम बंद पडत नाही. आधी दिवा सोडतो. मग वाजणं सोडतो. वेळ दाखवणं सगळ्यात शेवटी. म्हणजे बघणाऱ्याला वाटतं, घड्याळ ठणठणीत आहे. चेहरा हसरा, पण गळा गेलेला. पूर्वी तरी त्यांच्या खिशात खडू असायचा. माझ्यावर भरवसा बसला तसा बाबांनी तो खिशातून काढून टाकला होता. हे आठवलं की मला अजूनही कसंतरी होतं.

तो दिवस कामाच्या घाईचा होता. मालाची गाडी उशिरा आली होती. बाबांच्या जोडीला एक तरुण कामगार असे. बारा महिने गळ्यात मफलर, म्हणून सगळे त्याला मफलर म्हणत. एकानं आत काम करायचं आणि दुसऱ्यानं दाराशी थांबायचं, अशी त्यांची पद्धत. पण साहेबांनी मफलरला गाडी उतरवायला बोलावलं.

"दादा, मी असा गेलो नि असा आलो," तो म्हणाला.

"जा रे, माझं घड्याळ आहे ना," बाबा म्हणाले, बटण दाबलं, वरून हातमोजा ओढला आणि आत शिरले.

पंचवीस. चोवीस. तेवीस. मी मोजत होतो. आदल्या दिवशी मी कसाबसा कुजबुजल्यासारखा वाजलो होतो. आज काय होणार, याची मला धास्ती होती. शेवटचे दहा सेकंद मी सगळा जीव गोळा केला. तीन, दोन, एक, शून्य.

आवाज फुटला नाही.

बाबा खोकी लावत राहिले. अजून वाजलं नाही, म्हणजे अजून वेळ आहे, असं त्यांना वाटणं साहजिक होतं. तीस मिनिटं झाली. त्यांच्या हातून एक खोकं निसटलं. उचलायला वाकले तर बोटं मिटेनात. पस्तीस मिनिटं झाली. पाठीला लागणारी नाडी जड झाली होती, मध्येच रेंगाळत होती. माझे सेकंद पुढे जात होते आणि ती मागे पडत होती. "जरा बसतो," असं स्वतःशीच म्हणत बाबा खोक्यांवर टेकले. मी ओरडत होतो हो! उठा, बाबा, दार सात पावलांवर आहे! पण आवाजाविना ओरडणं कुणाला ऐकू जातं?

एकेचाळिसाव्या मिनिटाला दार उघडलं. बाहेरच्या खुंटीवर बाबांचा चष्मा अजून तसाच लटकलेला पाहून मफलर धावत आला होता.

"दादा! अहो दादा! घड्याळ वाजलं नाही का?"

बाबांनी मान वर केली. त्यांची जीभ जड झाली होती. "नाही वाजलं," ते म्हणाले. "वेळ आहे अजून."

मफलरनं त्यांना अक्षरशः ओढत बाहेर आणलं, गाडी लागते त्या धक्क्यावर बसवलं, हातमोजे काढले, बाह्या मागे सारल्या आणि स्वतःचा मफलर त्यांच्या हातांना गुंडाळला. आणि माझ्यावर ऊन पडलं. तीन महिन्यांनी! बाबा तिथं थरथरत होते आणि मी घटाघटा पीत होतो. त्याची लाज मला आजही वाटते. पण पोट कुणाचं ऐकतं?

बाबा वाचले. डाव्या करंगळीचं टोक मात्र डॉक्टरांना काढावं लागलं.

दवाखान्यातून घरी आल्यावर लेकीनं मला हातात घेतलं. मला वाटलं, आता भिंतीवर आपटते. तिनं डबा उघडला, घडीही न मोडलेला कागद काढला आणि मोठ्यानं वाचत गेली. झोप, भूक, एल अक्षर, सगळं. बाबा पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन ऐकत होते.

"तुम्ही याला डब्यात ठेवत होता?"

"जपून ठेवत होतो गं. तू दिलेलं."

"बाबा, हे बटाटे नाहीत हो!" ती म्हणाली आणि रडायलाच लागली. "एकदा तरी विचारायचं मला. करंगळी गेली ती गेली. तुम्हाला काही झालं असतं तर मी काय करणार होते?"

बाबा उठले आणि चांगल्या हातानं खिडकीचा पडदा बाजूला केला. मला कट्ट्यावर ठेवलं. मग कागदात 'फार तापू देऊ नये' असंही आहे म्हणून दर थोड्या वेळानं येऊन मला बोट लावून बघायला लागले. चार दिवसांत मी एच झालो. सकाळी ते एक मिनिटाची मोजणी लावायचे आणि बापलेक दोघं चहाचे कप हातात धरून वाट बघायचे. मी खणखणीत वाजलो की दोघं एकदमच श्वास सोडायचे.

आज बाबा कामावर परत आलेत. लेक नको म्हणत होती, पण ते घरी बसणारे नव्हेत. लेकीनं माझा पट्टा बदलून लांब करून घेतला आहे. आता मी बाहीखाली नसतो. जाकिटाच्या आणि हातमोज्याच्याही वर, उघड्यावर असतो. ट्यूबचा उजेड माझ्यावर पडतो, पोट भरलेलं आहे, कोपऱ्यात एच आहे. मला आणखी काय हवं?

पण खरं सांगू? जाकिटाच्या वर आल्यापासून नाडी लागत नाही. खाली नुसता जाकिटातला कापूस. बाबा दमलेत की ठीक आहेत, बोटं मिटतायत की नाही, मला काही कळत नाही. थंडी आता थेट अंगाला झोंबते आणि आकडे उमटायला क्षणभर जास्त लागतो. मी वाजणार, एवढं नक्की. पण वाजलेलं ऐकून माणूस उठला का, हे मला दार उघडेपर्यंत समजणार नाही.

तुमच्याकडे माझ्यासारखं कुणी असेल तर त्याला जपा, पण त्याच्या हसऱ्या चेहऱ्यावर जाऊ नका. आणि वाजलं नाही म्हणून वेळ आहे, असं कधी समजू नका.

बाबा आत्ता चौथी रांग संपवतायत. तुमच्याशी बोलता बोलता माझी चोवीस मिनिटं झाली. आता मला वाजायचंय. तुम्ही एवढं कराल का? दाराशी मफलर आहे ना, तेवढं जरा बघा.