तीन नंबरच्या टेबलाची दुसरी खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे, मित्रांनो. नगरपालिकेच्या मदत कक्षात तीन नंबरच्या टेबलासमोर आम्ही दोघी उभ्या असतो. पहिलीवर अर्जदार बसतो. त्याच्यासोबत आलेलं माणूस माझ्यावर बसतं.

खुर्चीला काय कळणार, असं तुम्हाला वाटेल. मला वजन कळतं. माणूस उठून गेलं तरी त्याचं थोडं वजन माझ्यात मागे राहतं. त्यामुळे मी रिकामी दिसते तेव्हाही पुरती रिकामी नसते.

आम्हा दोघींना एकाच सुताराने केलं, लग्न नोंदणीच्या खोलीसाठी. तो घाईत होता. माझा मागचा एक पाय नखभर आखूड राहिला.

एकदा एक किल्ल्या करणारा तरुण आणि त्याची होणारी बायको सह्या करायला आली. ती माझ्यावर बसली आणि मी डुगडुगले.

"अहो, ही हलतेय," ती म्हणाली. "जन्माची सही अशी झोके घेत करू का?"

"ऊठ जरा." त्याने मला उलटं केलं, खिशातून पितळेची एक चकती काढली आणि टेबलावरच्या दगडी वजनाने माझ्या पायाखाली ठोकून बसवली.

"ठोकाठोकी नको! सरकारी माल आहे," कारकून ओरडला.

"साहेब, फुकटात करतोय."

ती पुन्हा बसली. मुद्दाम डावी-उजवीकडे झुकून पाहिलं. मग म्हणाली, "आता करते सही."

त्या दिवसापासून मी कधी हलले नाही. त्यानंतर किती जोडपी बसून गेली. मग तिथे चाकांच्या गुबगुबीत खुर्च्या आल्या आणि आम्हाला जिन्याखाली टाकलं. कोणीतरी आम्हाला राखाडी रंग फासला आणि विसरून गेलं. माझ्यावर फरशी पुसायची बादली असे. अंधारात पहिली खुर्ची गप्प असायची. मी मात्र त्या सगळ्या नवऱ्या मुलींची वजनं आठवत बसायचे. जिन्यावर पावलं वाजली की वाटायचं, त्यांच्यातलीच कोणी परत आली.

मग नवा भत्ता आला. घरभाड्याची मदत, आजारपणाची मदत, असं जे वेगवेगळं मिळायचं ते बंद होऊन त्या सगळ्याचा मिळून एकच भत्ता होणार होता. घरोघरी पत्रं गेली. तीन महिन्यांत स्वतः अर्ज करा, आपोआप काही होणार नाही, नाहीतर जुनी मदतही थांबेल. लोक घाबरले. पत्रं घेऊन नगरपालिकेत येऊ लागले. म्हणून हा मदत कक्ष उघडला. खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा आम्हाला पुसून वर आणलं.

नवरा-बायको असतील तर दोघांनी शेजारी बसून, संगणकावरच्या अर्जाचं आपापलं बटण आपापल्या बोटाने दाबायचं असा नियम होता. टेबलापलीकडे मदतनीस ताई बसायची. तोंडाने फटकळ, पण कोणाला कंटाळायची नाही. "भांडण घरी, बटण इथे," असं ती दिवसातून दहादा म्हणायची.

एका सकाळी एक म्हातारा आला. पहिलीवर बसला. हातातली कापडी पिशवी माझ्यावर ठेवायच्या आधी त्याने मला धरून हलवून पाहिलं. त्या हातावरून मी त्याला ओळखलं. रंगामुळे त्याने मला ओळखलं नाही.

"काका, पत्रावर दोघांची नावं आहेत. काकू कुठे?"

"येतेय. जिना चढतेय. गुडघे धरलेत तिचे."

"येऊ दे सावकाश."

ताईने दाराकडे पाहिलं. मीही वाट पाहत होते. कोणी आलं नाही. पिशवीत एक चष्मा, एक फोन आणि कागदांचं पाकीट होतं. पण मित्रांनो, एवढ्याशा सामानाच्या मानाने ती पिशवी फार जड होती.

तो दुसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, "आज तिला बरं नाही." पिशवी पुन्हा माझ्यावर. जाताना तो पिशवीकडे वळून हळूच म्हणाला, "चल." ताई दुसऱ्या कागदात गुंतली होती. तिने ऐकलं नाही. मी ऐकलं.

तिसऱ्यांदा तो आला तो मुदतीचा शेवटचा दिवस होता.

"काका, आज अर्ज गेला नाही तर भाड्याची मदत बंद होईल. खोली सोडावी लागेल."

"खोली सोडून कसं चालेल? ती यायची तर कुठे येईल?"

"मग लावा फोन काकूंना. मीच समजावते. रिक्षाने या म्हणावं."

त्याने आपला फोन काढला. बोट न अडखळता चाललं, जणू तो नंबर तो रोजच लावत होता. आणि माझ्या अंगावर काहीतरी थरथरलं. पिशवीत फोन वाजत होता.

"अहो, कोणीतरी उचला की तो फोन!" मागे रांगेतला एक माणूस म्हणाला.

कोणी उचलला नाही. वाजून वाजून तो थांबला. ताईने पिशवीकडे पाहिलं.

"कधी गेल्या?"

"पत्र आलं त्याच्या अकरा दिवस आधी."

"काका, मग आधी का नाही सांगितलंत?"

"पाकिटावर आमची दोघांची नावं शेजारी शेजारी छापलेली होती, ताई. ती गेल्यावर सगळे माझं एकट्याचंच नाव घ्यायला लागले. या एका कागदावर आम्ही अजून दोघं होतो. ते मी कसं खोडू?"

ताई उठून टेबलाला वळसा घालून आली. "मी इथे बसू?"

तिने विचारलं, हे मी कधी विसरणार नाही. त्याने पिशवी उचलून मांडीवर घेतली. ताई बसली, थोडी मागे रेलली आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "अख्ख्या ऑफिसात ही एकच खुर्ची हलत नाही बघा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकत वाकला आणि माझ्या मागच्या पायाखाली बोट फिरवलं.

"ही चकती मी बसवलीय," तो म्हणाला. "हलत्या खुर्चीवर सही करायची नव्हती तिला."

ताई उठायला लागली. त्याने हाताने थांबवलं. "बसा. आता विचारा काय ते."

तिने पडद्यावरचा प्रश्न वाचला. सध्या तुमच्यासोबत जोडीदार राहतात का? त्याने पिशवीवर एक हात ठेवला. दुसऱ्या हाताच्या बोटाने 'नाही' दाबलं. खोली वाचली. जाताना तो 'चल' म्हणाला नाही.

मित्रांनो, आता अर्ज बहुतेक लोक फोनवरूनच करतात. पुढच्या महिन्यात आम्हाला भंगारात द्यायचं ठरलंय. त्याचं मला फार वाटत नाही. पण दुपारी कक्ष रिकामा होतो तेव्हा माझ्यावर एक ओळखीचं वजन येऊन बसतं, डावी-उजवीकडे झुकून पाहतं आणि मग निवांत होतं.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. रिकामी खुर्ची दिसली की आपण सरळ ओढून नेतो. ओढण्याआधी शेजारच्या माणसाला विचारा, इथे कोणी बसतं का? तो 'हो' म्हणाला आणि तुम्हाला तिथे कोणी दिसलं नाही, तरी ती खुर्ची थोडा वेळ तिथेच राहू द्या.