चढा आवाज

मी आणि ताई एकाच चष्म्याच्या दुकानात कामाला होतो. मागच्या खोलीत ताई यंत्रावर काचा घासायची, मी त्या फ्रेममध्ये बसवायचे. काउंटरवरची बाई इथलीच, गोरी, तोंडातल्या तोंडात बोलणारी. आम्ही बाहेरून आलेलो. आमच्याकडे नुसतं मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना ऐकू जातं, आणि बोलताना हात काही गप्प बसत नाहीत.

एका सकाळी एक आजोबा चष्मा परत घेऊन आले. बाईने सोबतच्या डॉक्टरांच्या कागदावरून चिठ्ठीवर उतरवताना डाव्या डोळ्याचा नंबर उजव्याला लिहिला होता. ताई चिठ्ठी घेऊन पुढे गेली. "अहो, हे तुमचंच अक्षर ना?"

बाई हसली आणि जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली, "तुमच्यात वाचायला शिकवत नाहीत वाटतं. नुसतं माकडांसारखं ओरडायला."

"काय म्हणालात? आता सगळ्यांसमोर म्हणा."

ताईचा आवाज चढला, हात हवेत गेले. मालक धावत आले. त्यांनी ऐकलं ते फक्त एवढंच.

"मला हिची भीती वाटते," बाई डोळे पुसत म्हणाली.

मी मधे पडून सांगायला गेले, तर मालकांनी मला थांबवलं. "कोण काय म्हणालं ते राहू दे. आवाज कोणाचा चढला? तुमच्या रक्तातच भांडण आहे. माग माफी."

ताईचे हात खाली आले. "चुकलं माझं," ती अगदी हळू म्हणाली.

"बघ, येतं की असं बोलता." मालक खूश झाले.

आमच्यात मात्र माणूस ओरडतो तोवर त्याला तुमच्याशी काहीतरी देणंघेणं असतं. ताईचा असा खालचा आवाज मी एकदाच ऐकला होता, थोरल्या काकांशी बोलताना. पुढे ती त्यांच्या मयतालाही गेली नाही.

त्यानंतर ती कामावर "हो" आणि "नाही" एवढंच बोलायची. चिठ्ठीत चूक दिसली तरी लिहिलंय तशी काच घासून द्यायची. तीन आठवड्यांत सात चष्मे परत आले. मालकांनी चिठ्ठ्या तपासल्या आणि ताईला बोलावलं.

"तुला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर आवाज चढला असता."

मालकांनी तिला तिथल्या तिथे काढून टाकलं. बाईला नुसती समज दिली.

मी नोकरी सोडली नाही. आता काचा मी घासते. चूक दिसली की बाईजवळ जाऊन हळूच सांगते.

"तू तुमच्यातली वाटतच नाहीस," परवा ती कौतुकाने म्हणाली.

मी चिठ्ठी उचलली आणि आत आले.