पत्रिकेची वरची ओळ

एप्रिल शहाण्णवमध्ये माझ्या भावाच्या, महेंद्रच्या, लग्नपत्रिकेचं प्रूफ मलकापूरच्या प्रेसमधून घरी आलं. वर ठसठशीत अक्षरांत ‘श्री गजानन प्रसन्न’.

आबांनी, म्हणजे वडिलांनी, चष्मा पुसून दोनदा वाचलं. आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन्न साली घरातले देव नदीत सोडले, आणि चाळीस वर्षांनी त्यातला एक कागदावरून परत आला होता.

“काढ म्हनलं तर प्रेसवाला म्हनतोय, निघतच न्हाई. कंप्युटर काढू देत न्हाई. कुनी बनवलंय गं आसलं?”

मी प्रूफची घडी घालून ठेवली. बनवलं मीच होतं.

सांगलीत चिंतामणराव दीक्षितांच्या कंपनीत आम्ही मराठी मजकूर जुळवायचं सॉफ्टवेअर करत होतो. स्क्रीनच्या उजव्या कडेचं पॅनेल माझ्याकडे. त्यात ‘लग्नपत्रिका’वर क्लिक केलं की बॉर्डर, अक्षरांचे आकार आणि ती वरची ओळ, सगळं आपोआप यायचं. ऑपरेटरांकडून ती ओळ चुकून पुसली जायची, म्हणून सर म्हणाले, लॉक करा. मी केली. त्याबद्दल पेढाही खाल्ला. ही पत्रिका कुणाकुणाच्या घरी जाईल, हे माझ्या डोक्यात क्षणभरही आलं नाही. लाज वाटली स्वतःची.

दुसऱ्या दिवशी सांगलीत सरांना म्हटलं, “वरची ओळ मोकळी करते.”

“माया, तुमच्यासाठी पॅनेलमध्ये खाली ‘इतर’ आहे की.”

“‘इतर’मध्ये कोरा कागद येतो, सर. ना बॉर्डर, ना वेलबुट्टी. आमची लग्नं काय बिनसजावटीची होतात?”

सरांचा आवाज चढला. “परवा प्रेसवाले नवी आवृत्ती बघायला येणार आहेत. ओळ जागेवर दिसली पाहिजे. नसेल जमत तर दुसरीकडे नोकरी बघा.”

“बघेन,” म्हटलं. आणि जागेवर येऊन लॉक काढलं, ओळही काढली. तिथे एक रिकामी चौकट ठेवली, आत लुकलुकणारा कर्सर.

दोन दिवसांनी माधवनगरच्या हॉलमध्ये वीसेक प्रेसवाले जमले. मी क्लिक केलं. वर काहीच नाही. सरांचा चेहरा पडला. पुढच्याच खुर्चीवर पाटणचे हंबीरराव होते.

“वर काय न्हाई व्हय?”

“तुम्ही घाला की.”

ते उठले आणि एका बोटाने शोधत शोधत ‘जोतिबा प्रसन्न’ टाइप केलं. “आयला, झ्याक! आमच्याकडं निम्म्या पत्रिका जोतिबाच्या. दर टायमाला गजाननावर चिठ्ठी डकवून लय कट्टाळा आलाय बगा.”

सगळे हसले. मग मी ते पुसलं आणि तिथे लिहिलं, ‘बुद्धं सरणं गच्छामि’. खाली महेंद्रचं नाव.

हसणं थांबलं. कुणीतरी खाकरलं. सर माझ्याकडे बघत होते. मी पॅनेलमध्ये गेले, वरच्या ओळीची अक्षरं दोन आकारांनी वाढवली आणि प्रिंटर सुरू केला. पान खरखरत बाहेर आलं.

जाताना पाच जणांनी नव्या आवृत्तीसाठी आपली नावं नोंदवली, हंबीररावांनी सगळ्यात आधी. सर एवढंच म्हणाले, “ती चौकट जरा खाली घ्या. बॉर्डरला लागतेय.”

संध्याकाळच्या एस.टी.नं ते पान घेऊन मलकापूरला गेले. आबांनी पुन्हा चष्मा पुसला.

“निघालं व्हय? कुनी काढलं?”

“मीच बसवलं होतं, आबा. मीच काढलं.”

त्यांनी पान उजेडाकडे धरलं. मग ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “आन् ही आक्षरं येवडी मोठी कशी काय?”

“ती मुद्दाम.”