डबी बदलता येते

छऱ्याची बंदूक घ्यायला आलेला माणूस पहिला प्रश्न हटकून चुकीचा विचारतो. "सगळ्यात जोरदार कुठली?" चाळीस वर्षं मी या काउंटरमागे उभी आहे आणि चाळीस वर्षं हा प्रश्न ऐकून माझं डोकं फिरतं. अहो, जोर कायद्यानेच बांधून दिलाय. त्यापुढची हवी तर पोलिसांकडून परवाना आणा. विचारायचं ते हे, की या नळीला छर्रा कुठला मानवतो? एकाच कारखान्यात एकाच दिवशी बनलेल्या दोन बंदुका घ्या. एकीला जो छर्रा मानवतो तो दुसरी कुठेही भिरकावते. चपट्या डोक्याचा छर्रा कागदावरच्या नेमाला, गोल डोक्याचा शिकारीला, आणि टोकदार ज्याला मित्रांपुढे मिरवायचंय त्याला. एवढं सांगितलं की निम्मी गिऱ्हाइकं तोंड वाकडं करतात. करोत बापडी.

हे मला आमचं जुनं गिऱ्हाईक क्लेम रिग यांनी शिकवलं. लग्न होऊन या दुकानात आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. नवऱ्याला शिकवायचा धीर नव्हता, क्लेमना होता. त्यांचा नियम एकच. ज्या अंतरावरून तुमचे पाचच्या पाच छर्रे एका पेनीच्या नाण्याखाली झाकले जातात, तेवढंच अंतर तुमचं. जनावर त्याच्या एक पाऊल पलीकडे असलं तरी बंदूक खाली. जखमी करून सोडणं हे त्यांच्या लेखी चोरीपेक्षा वाईट.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी तेच क्लेम, आता एकोणऐंशी वर्षांचे, खांद्याला जुनी बंदूक लावून आत आले आणि कोटाच्या खिशातून छऱ्यांच्या चार डब्या काढून काउंटरवर आपटल्या. चारही फोडलेल्या.

"कारखान्यांनी माती खाल्लीय, हेस्टर. चारही भिकार."

"या माझ्या दुकानातल्या नाहीत. माझ्या दाराला काय काटे लागले होते?"

"तू फार प्रश्न विचारतेस, म्हणून नाही आलो."

"मग आता विचारतेच. झालं काय?"

त्यांनी टोपी काढली. "काल एक खार लंगडत गेली. अंधार पडेतो शोधली. मिळाली नाही."

चाळीस वर्षांत हा माणूस जनावर न शोधता घरी गेल्याचं मी ऐकलं नव्हतं.

काय पणाला लागलंय ते आम्हा दोघांना न बोलता ठाऊक होतं. रेवनगिलच्या रानात अकरा तांबड्या खारी उरल्यात. आमच्या खोऱ्यातल्या शेवटच्या. करड्या खारी आल्या की त्यांच्याबरोबर देवीसारखा रोग येतो. करडीला काही होत नाही, तांबडी पंधरा दिवसांत डोळे चिकटून मरते. सप्टेंबरात तीन करड्या रानात शिरल्या होत्या. त्या मारायची परवानगी रानाच्या मालकीणबाईंनी एकट्या क्लेमना दिलेली, दुसऱ्या कुणाला त्या फाटकाच्या आत घेत नाहीत. बायको गेल्यापासून क्लेमचं म्हणून जे काही होतं, ते ते रान.

दुकानामागे आमची एक लांब पडवी आहे, बरोबर पंचवीस मीटर. तिथे टेबलावर वाळूची उशी ठेवली, टोकाला कार्डं लावली आणि क्लेमनी एकेक डबी झाडायला सुरुवात केली. दर डबीचे पाच छर्रे. त्यांच्या चार झाल्या, माझ्या सहा झाल्या. हलके, जड, त्यांच्या नळीच्या साडेचार मिलिमीटर मापात जेवढे म्हणून होते तेवढे. प्रत्येक कार्डावर छर्रे कोंबड्यांपुढे टाकलेल्या दाण्यांसारखे पसरलेले.

"मग बंदूकच गेली," क्लेम म्हणाले. "स्प्रिंग मेली असणार. तिच्यायला, चांगली नवीन काढ. पैशाकडे बघू नकोस."

मी काढली. जर्मन, जड दस्त्याची, वर नवी कोरी दुर्बीण. त्यांनी पाच छर्रे झाडले आणि मान हलवली.

"हिच्याही दुर्बिणीची तार वाकडी आहे."

"हिच्याही म्हणजे?"

"माझ्याही दुर्बिणीतली फुली मधोमध वाकलीय. उन्हाने लवलेल्या मेणबत्तीसारखी. आता ही नवी, हिचीही तशीच. हल्ली कामं कोण करतं कुणास ठाऊक."

मी बंदूक घेऊन डोळा लावला. फुलीच्या दोन्ही तारा सरळसोट होत्या, फुटपट्टीने आखल्यासारख्या. मग त्यांची जुनी बंदूक घेतली, तिच्यातून पाहिलं. त्याही सरळ. त्यांच्या पहिल्या, 'भिकार' डबीतले पाच छर्रे मी त्यांच्याच बंदुकीतून मारले आणि कार्ड आणून त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते तिरकं धरलं, जवळ नेलं, लांब नेलं. मग अंगठ्याने मध्यभाग चाचपायला लागले.

"किती?" त्यांनी विचारलं.

खरं सांगते, त्या क्षणी खोटं अगदी जिभेवर आलं होतं. 'पसरलेत, क्लेम, बंदूकच गेलीय' म्हटलं असतं तर त्यांना कळलं नसतं. पण मग ते शनिवारी पुन्हा रानात गेले असते.

"पाच," मी म्हणाले. "एकाच भोकात."

"दाराची चौकट बघा. कशी दिसतेय?" मी विचारलं.

"वाकडी. माझ्या घरचीही वाकडीच आहे. ऑगस्टपासून. लाकूड फुगलं असेल म्हटलं."

"आणि घड्याळ?"

"मधे भोक पडल्यासारखं. काटे कडेकडेने दिसतात."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! मग या चार डब्या कशाला घेत बसलात, भल्या माणसा?"

"डबी बदलता येते," क्लेम म्हणाले.

मला रडू आलं आणि रागही आला. "उद्याच्या उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मी गाडी काढते. आणि रानात जायचं नाही."

"आजच जायचं," ते म्हणाले. "तू पण. आणि बंदूक तू घे." त्यांनी कार्ड टेबलावर पालथं ठेवलं. "काल जी लंगडत गेली ना, हेस्टर, ती करडी होती असं मी धरून चाललो. खारींसाठी टांगलेल्या दाण्यांच्या पेटीवर करड्याच येतायत म्हणून करडीच. रंग मला दिसला नव्हता."

दुकानाला कुलूप लावलं. गाडी मी चालवली, तासभर. मालकीणबाईंना क्लेमनी दारातच सगळं सांगितलं, काहीही न लपवता, आणि त्या बाईंनी माझ्याकडे बघून नुसतं फाटक उघडलं.

दोन वाजले होते. ऊन पडलेलं होतं. पेटीपासून क्लेमनी सांगितलेल्या ओकच्या झाडाच्या दिशेने मी वाकून शोधत गेले. क्लेम एका बुंध्याला टेकून उभे. ओकच्या मुळाशी सुकलेल्या नेच्यांत ती सापडली. कडक झालेली, पुढचा पाय छातीशी घेतलेला. अंगावर जेवढं ऊन पडलं होतं तेवढी तांबडीलाल.

"मिळाली?" मागून आवाज आला.

"मिळाली."

"कोणती?"

दुकानात मला जे जमलं ते तिथे जमलं नाही. त्यांचा चेहरा माझ्याकडे लागला होता, माझ्यापासून जरा बाजूला बघणारा, आणि त्यावर लहान मुलासारखी आशा होती.

"करडी," मी म्हणाले.

त्यांनी हात पुढे केला. द्यायला हवी होती असं नाही, पण नाही कसं म्हणणार? त्यांनी ती तळहातावर घेतली आणि त्यांचा अंगठा सरळ कानावर गेला. थंडीच्या तोंडावर तांबडीच्या कानांवर केसांचे झुबके उगवतात. करडीला ते कधीच नसतात. अंगठा झुबक्यावरून एकदा फिरला, मग दुसऱ्या कानावर गेला.

"दुकानात खरं बोललीस," ते म्हणाले. "इथे काय झालं?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"मला? तुला माझ्या तोंडाकडे बघवेना, म्हणून. माझ्या नावावर खपवू नकोस." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. त्यांनी गळ्याचा मफलर काढून तिला गुंडाळलं. "खारींचं काम बघणाऱ्या मंडळींना मी आजच फोन करणार. तांबडी मारणं गुन्हा आहे, तर गुन्हा माझ्या नावावर लागू दे."

मी मान खाली घालून उभी होते. तेवढ्यात पेटीचं झाकण वाजलं. क्लेमनी मान वळवली.

"कोणीतरी आलंय. मला शेपूट हलतेय एवढंच कळतंय. किती लांब?"

"चोवीस-पंचवीस."

"टेकून बस. घाई नको."

मी बुंध्याला टेकून बसले आणि दुर्बिणीतून बघितलं. रुंद डोकं, गोल गुळगुळीत कान, पाठ राखेच्या रंगाची. शंकेला जागाच नव्हती. वीस वर्षांत मी कागदाशिवाय कशावर बंदूक धरली नव्हती.

"करडी," मी म्हणाले.

त्यांनी गाठोडं काखेत घेतलं. मग म्हणाले, "खात्री?"

"खात्री."

"मग मार."

मी मारली. ती पेटीवरून खाली पडली आणि हलली नाही. मला आनंद झाला नाही. तिचा तरी काय दोष? तिच्या पणजोबा-खापरपणजोबांना शोभेसाठी समुद्रापलीकडून आणलं ते माणसांनीच.

मी उचलायला निघाले तशी क्लेमनी मला हाताने थांबवलं. एका काखेत मफलरचं गाठोडं, दुसऱ्या हाताने एकेक झाड चाचपत ते पंचवीस मीटर चालत गेले. गुडघे टेकले. छर्रा कुठे लागलाय ते त्यांनी बघितलं नाही. आधी कान चाचपले, दोन्ही.

"हो," ते म्हणाले. "करडीच आहे."

चाळीस वर्षांत मी मोजून सांगितलेले कार्डावरचे छर्रे त्यांनी कधी दुसऱ्यांदा मोजले नव्हते.