सुकन्याची फुलबाग

दिवाळी होऊन पाच-सहा दिवस झाले असतील. सुकन्यानं कुरिअरनं आलेलं पाकीट फोडलं, आतलं तळहातावर ओतलं आणि तिचं तोंडच उतरलं.

"आई, फसवलं गं मला. बघ काय पाठवलंय. बकरीच्या लेंड्या!"

भागिरथीबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला सारलं, एक काळी वाळकी गाठ उचलून नखानं खरवडली आणि हसल्या.

"लेंड्या न्हाईत. कंद हायेत. अनिमनीचे. चांगले जित्ते हायेत."

पाकिटावर 'ॲनिमोन' असं लिहिलेलं होतं, पण कोल्हारजवळच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत सगळे त्याला अनिमनीच म्हणायचे. त्या कॉलनीत भागिरथीबाई सव्वीस वर्षं साहेबलोकांच्या बंगल्यांच्या बागांवर रोजंदारीनं कामाला होत्या. थोरल्या साहेबांच्या बाईंना या फुलाचा भारी सोस. दर थंडीला कंद मागवायच्या. पहिली दोन वर्षं सगळे कुजले. तिसऱ्या वर्षी भागिरथीबाईंनी कुणाला न विचारता आपल्या डोक्यानं वाफा केला, आणि माघात बंगल्यापुढं असं काही लाल-जांभळं फुललं की शेजारच्या बंगल्यांतल्या बाया बघायला आल्या. बाईंनी त्यांना सांगितलं, "मी यंदा नवीन पद्धत केली." भागिरथीबाई तेव्हा पलीकडे गवत काढत होत्या. त्यांना त्याचं काही वाटलं नव्हतं. बाग बाईंची होती.

नवरा सुकन्या चौथीत असतानाच गेला. पुढचं सगळं त्या बागांवरच झालं. सुकन्या शिकली, शेवगावला ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागली, लग्न झालं. जावई संदीप नाशिकला बँकेत, शनिवार-रविवारी घरी यायचा. दोन वर्षांपूर्वी सुकन्या स्वतः कोल्हारला आली आणि म्हणाली, "आता दुसऱ्यांच्या बागा पुरे. माझं अंगण मोठं आहे. ये, तुला हवं ते कर तिथं." त्या एका वाक्यावर भागिरथीबाईंनी कोल्हारच्या आपल्या दोन खोल्यांना कुलूप लावलं होतं.

कंद लावायच्या दिवशी सुकन्यानं मोबाईल स्टँडवर चढवला. 'सुकन्याची फुलबाग' हे चॅनल तिनं वर्षापूर्वी सुरू केलं होतं. काम आईचं आणि बोलणं लेकीचं, अशी वाटणी आपोआप पडलेली.

"आई, तोंड नको येऊ देऊस हं मध्ये. हातच ठेव. हात छान दिसतात."

भागिरथीबाईंना ते बरंच वाटायचं. मोबाईलपुढं तोंड दाखवायचा त्यांना संकोच होता. हातांचं काय, उजव्या अंगठ्याशेजारचं बोट कात्रीनं कापून वाकडं झालेलं, नख मधोमध चिरलेलं. पण लेक छान म्हणते तर छान.

"कोमट पाण्यात चार तास भिजवायचे," त्यांनी शिकवलं. "रातभर ठिवले की कुजले समज. आन् वरची बाजू कंची, खालची कंची, ते सोधत बसू नको. आडवा लावायचा. त्याचं त्यो वर येतो."

सुकन्या मोबाईलकडे वळून गोड आवाजात म्हणाली, "मित्रांनो, माझ्या अनुभवावरून सांगते, चार तासांच्या वर भिजवू नका."

भागिरथीबाईंना गंमत वाटली. पोरीला कुठला आलाय अनुभव! पण बोलते किती नेटकं.

शेवगावची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून त्यांनी वाफा वीतभर उंच उचलला, निम्मी नदीची वाळू आणि जुनं शेणखत मिसळलं. तीन आठवड्यांनी कोथिंबिरीसारखी पानं वर आली. चिमण्यांनी ती कुरतडायला सुरुवात केली तशी त्यांनी जुनी मच्छरदाणी फाडून वर ताणली. सकाळी उठल्याबरोबर चहाच्या आधी वाफ्यापाशी जायचं, बोट मातीत घालून ओल बघायची, असा त्यांचा नेम झाला. जानेवारीत पहिलं फूल उमललं. लालभडक, मध्ये काळं बोंड, त्याच्याभोवती पांढरं कडं. सकाळी मिटलेलं असायचं, उन्हं वर आली की हळूहळू उघडायचं. मग रोजच उघडायला लागली, पांढरी, निळी, वांगी रंगाची. तो व्हिडिओ हजारो लोकांनी पाहिला म्हणे. सुकन्यानं आईला मिठी मारली.

जानेवारीच्या शेवटी एका गुरुवारी, अकराच्या सुमाराला फाटक वाजलं. सुकन्या कॉलेजात होती. बाहेर पस्तिशीची एक बाई पिशवी घेऊन उभी.

"सुकन्या मॅडमचं घर हेच ना? मी पंकजा, पाथर्डीहून आलेय. त्यांचे सगळे व्हिडिओ बघते मी. शेवगावात नातेवाइकांकडं आले होते, म्हटलं विचारत विचारत जावं." बोलता बोलता तिचं लक्ष भागिरथीबाईंच्या हाताकडे गेलं आणि तिचा चेहरा फुलला. "अगंबाई! तुम्हीच की त्या! हे बोट मी कुठंही ओळखीन."

भागिरथीबाईंना मनातून इतकं बरं वाटलं की त्यांनी पदरानं हात पुसले. "व्हय, मीच."

"मॅडमच्या कामाच्या मावशी ना तुम्ही?"

भागिरथीबाईंना नीट ऐकू आलं, तरी त्यांनी विचारलं, "कोन म्हनलं?"

"मॅडमनीच तर लिहिलंय." पंकजानं मोठ्या उत्साहानं मोबाईल काढला, बोटानं वर-खाली सरकवलं आणि पुढं धरला. "हे बघा."

भागिरथीबाईंना वाचता येत होतं. शाळेत असताना सुकन्यानंच पाटीवर गिरवून घेतलं होतं. त्या एकेक अक्षर जोडत गेल्या. कुणीतरी विचारलं होतं, 'ताई, हे हात कुणाचे आहेत?' खाली सुकन्याचं उत्तर होतं. 'आमच्या बागेत कामाला येणाऱ्या मावशी आहेत. मी शिकवलंय त्यांना सगळं. आता छान जमतं.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना अक्षरं हलायला लागली.

"मावशी, काय झालं?"

"काय न्हाई. उनाचं हुतं असं. या, आत या."

त्यांनी पंकजाला वाफा दाखवला. वाळू किती, पाणी केव्हा, सुकलेलं फूल कुठून खुडायचं, सगळं सांगितलं. चहा केला. पंकजा जाताना म्हणाली, "मॅडमनी लई चांगलं तयार केलंय बघा तुम्हाला." भागिरथीबाई फाटकाची कडी लावून तशाच उभ्या राहिल्या.

संध्याकाळी सुकन्या आली. स्कूटी लावता लावताच तिनं विचारलं, "आई, आज किती उमलली?"

"पाथर्डीची एक बाई आल्ती," भागिरथीबाई म्हणाल्या. "मोबाईलात दावलं तिनं. मी कामाची मावशी हाय म्हून लिवलंयस ते."

सुकन्या भराभर बोलायला लागली. "अगं, ते असंच लिहिलं गेलं. तेव्हा नुकतं सुरू केलं होतं. कॉलेजातले सगळे बघतात. प्रिन्सिपलच्या मिसेससुद्धा बघतात. तू समजून घे ना."

"काय समजू?"

"मी तिथं सांगितलंय की बाबा शेतीखात्यात होते. आणि तू... तू घरीच असायचीस. नोकरीच्या पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं आणि मी बोलून गेले. आता बदलता येत नाही. हात बघून लोक विचारणारच की आई काय करायची."

"मग सांगायचं, बागकाम करायची."

"लोकांचं तुला माहीत नाही. आडनाव विचारतात, मग हे विचारतात, मग बघायची नजर बदलते."

"मला माहीत न्हाई?" भागिरथीबाईंचा आवाज चढला नाही. "साहेबांच्या घरी सव्वीस वर्सं भाईरच्या नळाचं पानी पिले मी. माझा कप निराळा हुता. मला कोनी मोलकरीन म्हनलं तर मला लागत न्हाई, सुकन्या. हुतेच मी. पन मी तुझी आई न्हाई, असं लिवलंस तू."

"असं कुठं लिहिलंय मी?"

"दुसरं काय लिवलंस मग?"

सुकन्या रडायला लागली. मोबाईल काढून तिनं ते उत्तर पुसून टाकलं आणि आईपुढं धरलं. "हे बघ. काढलं. आता नाही कुठं."

भागिरथीबाईंनी पाहिलंसुद्धा नाही. लिहिताना जितका वेळ लागला असेल, तितकाच पुसायला लागला होता.

रविवारी संदीप आला, त्याला कळलं. तोच म्हणाला, नवीन व्हिडिओ करा, आईंना समोर बसवा. भागिरथीबाईंना नको होतं, पण जावयाचा शब्द मोडवेना. सुकन्यानं त्यांना धुतलेलं निळं पातळ नेसायला लावलं, वाफ्याशेजारी खुर्ची टाकली. पाठीवर हात ठेवून ती मोबाईलकडे बघत म्हणाली, "मित्रांनो, आज तुमची एका खास व्यक्तीशी ओळख करून देते. माझी आई. हिला बागकामाचा छंद आहे."

मग थांबली. "आवाज बरोबर नाही आला. परत करू."

दुसऱ्यांदा मोटारसायकल गेली. तिसऱ्यांदाही तिनं तेच हसू आणलं, तोच हात तसाच पाठीवर ठेवला. "हिला बागकामाचा छंद आहे."

छंद. सव्वीस वर्षं उन्हात पाठ भाजली, त्याचा छंद झाला. भागिरथीबाई खुर्चीवरून उठल्या.

"आई, झालंच आता, बस ना दोन मिनिटं."

"नगं," त्या म्हणाल्या. "तुला जमंना ते. ऱ्हाऊ दे."

त्यांनी आत जाऊन पातळ बदललं आणि पिशवी भरली. सुकन्या दारात आडवी झाली, संदीपनं हात जोडले, पण त्या चिडल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांची समजूत कशी घालावी हेच दोघांना कळेना. दुपारच्या एसटीनं त्या निघाल्या. वाफ्यात त्या वेळी नऊ फुलं उघडलेली होती. जाताना मच्छरदाणी एका कोपऱ्यात सुटली होती, ती त्यांनी बांधली नाही.

कोल्हारच्या खोल्यांत धूळ साचली होती. दोन दिवस झाडण्यात गेले. सुकन्याचा फोन रोज यायचा. जेवलीस का, औषध घेतलंस का. भागिरथीबाई व्हय म्हणायच्या. तो व्हिडिओ शेवटी झालाच नाही. प्रिन्सिपलच्या मिसेसना काय सांगितलं, तेही कधी निघालं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही.

मार्चमध्ये एकदा सुकन्या म्हणाली, "आई, पानं पिवळी पडलीत. जास्त पाणी घालू का?"

"पानी बंद कर. पानं पार वाळू दे. मग कंद काढ, सावलीत सुकव, कोरड्या वाळूत ठिव."

"तू येशील ना काढायला?"

'येते' असं भागिरथीबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्या तसं म्हणाल्या नाहीत.

"तुला सांगितलं की सगळं. जमंल तुला."

फोन ठेवला तेव्हा शेजारची बनुबाई वाळवणाचे पापड उलटत बसली होती. ती गेले दीड महिना हेच विचारायला टपली होती.

"भागिरथे, खरं सांग. लेकीनं घालवलं का काय तुला? एवढी शिकलेली लेक, एवढं घर, आन् तू हितं येकली."

भागिरथीबाईंनी तिच्या हातातला पापड घेतला आणि चादरीवर नीट पसरला.

"छ्या," त्या म्हणाल्या. "लई जीव लावती गं ती. मलाच शेवगावचं पानी मानवंना."