विश्वंभररावांचा माउस

चार वाजायला आले तसं अर्धं चौल गाव प्रमोदिनीबाईंच्या ओटीवर जमलं. खिडकीपाशी टेबल, टेबलावर विश्वंभररावांचा कॉम्प्युटर, टेबलाच्या काचेवर त्यांचा माउस, माउसवर हळदकुंकू. माउसला कुणाचा हात नव्हता, तरी पडद्यावरचा बाण थरथरत होता.

"व्हय, हाललं बघा! रावसाहेब आलं!" शेजारची जनी हात जोडून ओरडली.

प्रमोदिनीबाई नुसत्या बसून होत्या. नवऱ्याला जाऊन महिना झाला होता. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई, पण या महिन्यात त्यांना ना रडू आलं, ना कशाचा राग. बाण हलतोय तर हलू दे. खरं सांगायचं तर घरात त्यांचं तेवढं तरी हलतंय, याचं बरंच वाटायचं.

मग परवासारखेच माणगावहून बाळाजीबुवा उपटले. कॉम्प्युटर चालू कुठून होतो हे बुवांना ठाऊक नव्हतं, पण मेलेला माणूस त्यातून काय बोलतो ते मात्र बरोब्बर कळायचं.

"आत्मा डिजिटल झालाय!" बुवा खिडकीला पाठ करून गरजले. "रावसाहेब, मरण आपसूक आलं?" बाण निश्चल. "मग सुनेच्या हातचं बाधलं?" बुवा एक पाऊल बाजूला सरकले. बाण थरथरला.

सून क्षिप्रा दारात उभी होती. तिनं केलेला चहा पितापिताच विश्वंभरराव कोसळले होते. डॉक्टरांनी हृदयविकार लिहून दिला होता, पण बुवांनी परवा हेच विचारल्यापासून घरात तिच्या हातचं कुणी पाणी पीत नव्हतं.

"हिला आजच माहेरी धाडा," बुवा म्हणाले.

"आई, बाबाच सांगतायत तर..." अजेय, बाईंचा मुलगा, जमिनीकडे बघत म्हणाला.

क्षिप्राच्या पायाशी भरलेली पिशवी होती. ती पाहिली आणि बाईंच्या आत महिनाभर बधिर पडलेलं काहीतरी ठणकलं. त्या उठल्या.

"बुवा, जरा पुन्हा खिडकीत उभे राहा बघू."

बुवांची सावली टेबलावर पडली. बाण थांबला. बाईंनी त्यांना दंडाला धरून बाजूला केलं. ऊन माउसवर आलं आणि बाण थरथरला.

"आगं बाय!" जनी म्हणाली.

बाईंनी माउस उलटा केला. "याच्या पोटात डोळा आहे. खालचं बघून तो बाण हलवतो. गुळगुळीत काचेवर त्याला धड दिसत नाही, त्यात तिरपं ऊन शिरलं की तो चळतो. आमचे हे खाली वहीचा पुठ्ठा ठेवायचे. तेराव्यानंतर सामान आवरलं त्यात तो गेला. आणि बुवा, 'हो' हवं की तुम्ही बाजूला होता, 'नाही' हवं की उन्हाच्या आड येता."

बुवा कलियुगाला नावं ठेवत चपला शोधू लागले.

बाईंनी जुन्या वहीचा पुठ्ठा माउसखाली सरकवला. बाण गप्प उभा राहिला. आता तेवढंही हलणार नव्हतं. त्या म्हणाल्या, "ते गेले. मला ते परत हवेत, पण म्हणून जिवंत पोरीचा बळी देणार नाही. काही आक्रीत दिसलं तर हात जोडायच्या आधी ते तपासा. तपासायला कुणाची परवानगी लागत नाही."

जनीनं जोडलेले हात सोडले.

"क्षिप्रा, ती पिशवी आत ठेव आणि मला चहा टाक."

चहा आला. सगळ्यांदेखत बाईंनी तो बशीत ओतून शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

"आई," अजेय हळूच म्हणाला, "माझ्यापुरता असेल का?"

"मला काय विचारतोस? तिला विचार."