डावा मोसंबीएवढा, उजवा लिंबाएवढा

डोळेताईंच्या कारखान्यात नवीन माणूस आला की आधी कपडे नीट करायचा, मग बोलायचा. चारी भिंतींवरच्या उथळ कप्प्यांतून शेकडो काचेचे डोळे त्याच्याकडे टक लावून बघत असायचे. घुबडाचे, वाघाचे, माशांचे, बाहुल्यांचे. इतक्या जणांपुढे कुणालाही अवघडल्यासारखं होणारच.

कारखाना हा तसा मोठा शब्द झाला. दोन खोल्या, एक मोठी खिडकी, गॅसची एक ज्योत आणि रंगीत काचेच्या कांड्यांनी भरलेल्या बरण्या, एवढाच सारा पसारा. संग्रहालयातली जनावरं असोत की नाटकातले मुखवटे, ज्याला डोळा हवा त्याने ताईंकडे यावं. तीस वर्षांत त्यांचं नाव झालं होतं ते जोडीसाठी. एक डोळा कुणीही करील, त्या म्हणत, खरा कस लागतो तो दुसऱ्याला. त्यांच्या डाव्या-उजव्यात केसाएवढा फरक सापडायचा नाही, आणि हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगत असल्यामुळे कुणाला विसरायची सोय नव्हती.

त्यांच्या धाकट्या भावाला सगळे भाऊच म्हणत. डोळे घासणं, पुसणं, पेट्या बांधणं आणि गिऱ्हाइकांशी बोलणं ही त्याची कामं. त्यातलं शेवटचं तो इतक्या मनापासून करायचा की बाकीच्यांना वेळ पुरायचा नाही. गेली दोन वर्षं तर एक पेटी बांधायला तो पूर्वीच्या दुप्पट वेळ लावत होता. ताईंनी ते वयावर ढकललं होतं.

वयाचा विषय ताईंनी स्वतःपुरता मात्र बंद ठेवला होता. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू धरायला लागल्याचं सांगितलं होतं. घाबरण्यासारखं काही नाही, डॉक्टर म्हणाले, फक्त रंग थोडे पिवळट दिसायला लागतील. फक्त! ज्या बाईची सगळी हयात पिवळ्याच्या अकरा छटा ओळखण्यात गेली तिला हे असं सांगायचं. ताईंनी तो कागद चौघडी करून खणात कात्रीखाली सरकवला आणि कुणाकडे चकार शब्द काढला नाही. पण तेव्हापासून प्रत्येक जोडी पूर्ण झाली की त्या ती पुन्हा पुन्हा खिडकीत नेऊन बघायच्या. आपल्याला सारखी दिसते ती खरंच सारखी आहे का, हे विचारायचं कुणाला? विचारलं की कळलंच.

अशात एक दिवस संग्रहालयातून एक उंच, घाईत असलेली मुलगी आली. खोल समुद्रातल्या प्राण्यांचं नवं दालन उघडणार होतं आणि त्याच्या मधोमध माणसाएवढं मोठं केलेलं एक माकूळ टांगायचं होतं. माकूळ म्हणजे ऑक्टोपसचा चुलतभाऊ, आठ हात आणि वर दोन लांब सोंडा असलेला, एवढं ताईंना ठाऊक होतं. त्यांनी विचारलं, डोळे केवढे हवेत?

"डावा मोसंबीएवढा," ती म्हणाली. "उजवा लिंबाएवढा."

ताईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ही पोरगी आपली परीक्षा घ्यायला आलीय की टिंगल करायला, हे त्यांना ठरवता येईना. पण माकूळवालीने, म्हणजे त्या दिवसापासून ताईंनी तिला ठेवलेलं हे नाव, पिशवीतून फोटो काढून टेबलावर मांडले आणि ती जी सुरू झाली ती थांबेचना. हे माकूळ राहतं समुद्राच्या अशा थरात की जिथे वरचा उजेड संपत आलेला असतो आणि खालचा अंधार पुरता सुरू झालेला नसतो. ते तिरकं तरंगतं. मोठा डोळा कायम वर, कुणाची सावली डोक्यावरून जातेय का ते बघायला. छोटा कायम खाली, अंधारात कुठे कुणी लुकलुकतंय का त्यावर लक्ष ठेवायला. पिलू असताना दोन्ही डोळे सारखेच असतात, मग वाढता वाढता डावा फुगत जातो. अंगभर स्ट्रॉबेरीच्या बियांसारखे ठिपके असतात, आणि तो एकेक ठिपका म्हणजे दिवा.

"आणि मोठा डोळा पिवळा का?" ताईंनी विचारलं. फोटोत त्यांना तो पिवळा दिसत होता, पण हल्ली त्यांचा पिवळ्यावर भरवसा नव्हता.

पिवळाच असतो, माकूळवाली खूश होऊन म्हणाली. वरचे काही मासे महालबाड. खालून आपली सावली दिसू नये म्हणून ते पोटाखाली वरच्या उजेडासारखाच उजेड पाडतात. पण या पिवळ्या भिंगातून बघितलं की खरा उजेड वेगळा आणि पोटाचा उजेड वेगळा. लबाडी तिथल्या तिथे उघडी पडते.

ताईंना हा प्राणी एकदम आवडला. जाताना माकूळवालीने आणखी एक गोष्ट सांगितली. हे डोळे जमले तर दालनातल्या बाकीच्या चाळीस प्राण्यांचे डोळेही ताईंनीच करायचे. नाही जमले तर वरिष्ठांच्या मनात यंत्रावरचे प्लास्टिकचे डोळे आहेतच.

भाऊ तेव्हा लेकीकडे नातू बघायला गेला होता, पंधरा दिवसांसाठी. ताईंनी एकटीने काम केलं. लिंबाएवढा निळा डोळा दोन दिवसांत झाला. मोसंबीएवढ्या पिवळ्याने मात्र घाम काढला. सहा वेळा त्यांनी भिंग ओतलं, खिडकीत धरलं, फोटोशी ताडून पाहिलं आणि मोडीत टाकलं. सातव्या वेळी वाटलं, जमलं. वाटलं, एवढंच. खात्री नव्हती. जन्मभर जोड्या जुळवल्या, आणि आता दुसरा डोळाच नव्हता पडताळून बघायला.

भाऊ परतला तो नातवाचे दोनशे फोटो घेऊन. माकुळाबद्दल सांगायला ताईंनी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा नातवाने जांभई दिलेली बघून मिटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना डॉक्टरांकडे जायचं होतं. भाऊला त्यांनी बाजारात जाते म्हणून सांगितलं आणि दारातून म्हणाल्या, "टेबलावर माकुळाचे डोळे आहेत, तेवढे बांधून संग्रहालयात पोचते कर." भाऊने मान हलवली. डॉक्टरांनी मात्र या वेळी ऑपरेशनचं नाव काढलं. ताईंनी बघू म्हणून वेळ मारून नेली.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता, लोक यायच्या तासभर आधी, दोघांना खास बोलावणं होतं. ताईंनी ठेवणीतली साडी नेसली. भाऊने कोट घातला, पण त्या कोटाचा उजवा खिसा भलताच फुगला होता. काय कोंबलंयस, असं ताईंनी विचारलं तर रुमाल म्हणाला. एवढी सर्दी होणार असेल तर घरीच थांब, असं ताईंनी त्याला सुनावलं.

दालनात मूर्तिकार वाट बघत होता. माकूळ त्यानेच घडवलं होतं. माकूळवाली कालपर्यंत परगावी होती, आत्ता येतेच आहे, असं म्हणून त्याने मोठ्या उत्साहाने कापड ओढलं.

लालबुंद, ठिपक्याठिपक्यांचं माकूळ छताखाली तिरकं तरंगत होतं. आणि दोन टपोऱ्या, काळ्याभोर, अगदी एकसारख्या डोळ्यांनी ते खाली बघत होतं, घराबाहेर राहिलेल्या कुत्र्यासारखं केविलवाणं.

 ताईंनी डावा डोळा मिटून पाहिलं, उजवा मिटून पाहिलं. सारखेच. पिवळ्याचा मागमूस नाही. एकच गोष्ट त्यांच्या मनात आली, की आपल्या डोळ्यांचा खेळ संपला. आता लहान-मोठंही कळेनासं झालं. त्यांनी भाऊचा हात घट्ट धरला.

"भाऊ, खरं सांग. ते डोळे तुला सारखे दिसतात का?"

"अगदी सारखे, ताई," भाऊ घाईघाईने म्हणाला. "तिळाएवढा फरक नाही. तू काही काळजी करू नकोस."

यात काळजी कशाची, हे ताईंना उमगायच्या आत माकूळवाली धावत आत आली. तिने वर पाहिलं आणि तिचे डोळे पांढरे व्हायचे तेवढे बाकी राहिले. हे काय आहे, तिने अगदी हळू आवाजात विचारलं, आणि हळू आवाजामुळेच सगळे घाबरले. मूर्तिकार म्हणाला, पेटीत आले ते बसवले. आपल्या साच्यातच एक खोबण मोठी, एक लहान झाली होती, तेव्हा एक भरून घेतली आणि दुसरी कोरून मोठी केली. मापं उतरवताना आपलीच चूक झाली असं समजून त्याने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

"हे सीलचे डोळे आहेत," ताई एकदम म्हणाल्या. आता त्यांना चांगलं ओळखू आलं होतं. "माझेच. पाच वर्षांपूर्वीचे. वरच्या कप्प्यातले."

मग सगळे भाऊकडे बघायला लागले.  त्याने खिशात हात घालून रुमालाची गाठोडी काढली, सोडली, आणि तळहातावर एक मोसंबीएवढा पिवळा डोळा आणि एक लिंबाएवढा निळा डोळा धरून उभा राहिला.

"टाकून द्यायला धजलो नाही, आणि घरी ठेवले तर तुला सापडले असते," तो म्हणाला. "मला वाटलं, तुझी चूक झाली. बाजारातल्या माकुळाचे दोन्ही डोळे सारखे असतात गं ताई. हे असे वेडेवाकडे संग्रहालयात गेले असते तर लोकांनी तुला नावं ठेवली असती."

"माझी चूक होईल असं तुला वाटलंच कसं?"

भाऊने खाली बघितलं. कात्री शोधताना कागद सापडला होता, तो म्हणाला. दोन वर्षं झाली. तू बोलली नाहीस म्हणून मीही बोललो नाही. पण तेव्हापासून पेटी बांधायच्या आधी प्रत्येक जोडी भिंगाखाली धरून बघत होतो. रंग, माप, बुबुळ, सगळं. फरक सापडला तर तुला कळू न देता बदलून टाकायची, असं ठरवलं होतं.

ताईंचा राग असा वर चढला की मूर्तिकार दोन पावलं मागे सरला. पाठीमागून आपलं काम तपासलं जात होतं, तेही नीट घासता न येणाऱ्या माणसाकडून! पण तो राग ओठांपर्यंत आला आणि तिथे अडखळला. त्यांना काहीतरी सुचलं होतं.

"दोन वर्षांत किती जोड्या तपासल्यास?"

"सगळ्या. सहाशेच्या वर असतील."

"आणि बदलल्यास किती?"

"एकच," भाऊ म्हणाला. "ही."

ताई बाजूच्या बाकावर मटकन बसल्या. सहाशे जोड्या, आणि त्यातल्या प्रत्येकीसाठी घातलेल्या त्या खिडकीच्या फेऱ्या. ज्या प्रश्नाचं उत्तर विचारायची त्यांची छाती होत नव्हती, ते रोज पलीकडच्या खोलीत, भिंगाखाली, त्यांचा बडबड्या भाऊ एक शब्द न बोलता शोधत होता. त्यांचे डोळे भरून आले. मग हसू आलं, आणि ते आवरेना.

माकूळवालीला या घरगुती भानगडीत रस नव्हता. तिने पिवळा डोळा उचलून खिडकीपाशी नेला, फोटोशेजारी धरला आणि बराच वेळ बघत राहिली. ताईंनी हसू थांबवलं.

"हाच पिवळा," ती म्हणाली. "अगदी हाच. दहापर्यंत बसेल का?"

मूर्तिकार तोवर शिडीवर चढलाही होता. एक खोबण भरायची आणि एक कोरायची, हे काम कालच उलट बाजूने झाल्यामुळे त्याचा हात बसला होता. तोवर खाली माकूळवालीने भाऊला वरच्या उजेडापासून लबाड माशांपर्यंत सगळं ऐकवलं. दहाला पाच कमी असताना माकूळ वर एक डोळा आणि खाली एक डोळा लावून बघायला लागलं, आणि केविलवाणं कुत्रं जाऊन तिथे एक अट्टल, सावध प्राणी आला.

दारं उघडली. पहिले आत आले ते एक आजोबा. त्यांनी माकूळ निरखलं, सोबतच्या आजीबाईंना कोपराने ढोसलं आणि मोठ्याने म्हणाले की करणाऱ्याचं लक्ष नव्हतं वाटतं, एक डोळा बारीक झालाय. भाऊ लगेच त्यांना समजवायला निघाला. वर उजेड असतो, खाली अंधार असतो, मासे महालबाड असतात, असं सगळं तो आत्ताच ऐकलेलं सांगत सुटला, जणू त्याचा जन्म समुद्रातच गेला होता.

परत येताना ताई वाटेत डॉक्टरांकडे थांबल्या आणि ऑपरेशनची तारीख घेऊन आल्या. चाळीस प्राण्यांचे डोळे करायचे होते, त्याआधी हे उरकलेलं बरं. घरी पोचल्यावर त्यांनी कात्रीखालचा कागद काढून भाऊच्या हातात दिला आणि सांगितलं की हा आता तूच नीट ठेव.

"आणि तपासणं?" भाऊने भीत भीत विचारलं. "बंद करू ना?"

"बंद केलंस तर बघ," ताई म्हणाल्या. "फक्त बदलायच्या आधी मला विचारत जा."